‘रोम’ मालिकेतली अटिया आणि इतिहासातली अटिया

वाचनवेडा (प्रश्न):

एचबीओ आणि बीबीसी यांनी मिळून काढलेली ‘रोम’ ही २००५ ते २००७ या काळातील मालिका मी नुकतीच दुसऱ्यांदा पाहिली. पहिल्या वेळी कथानकात इतका गुंतलो होतो की शंका घ्यायला उसंतच मिळाली नाही. या वेळी मात्र दोन गोष्टी खटकल्या. पॉली वॉकर यांनी साकारलेली ऑक्टेव्हियनची (म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसची) आई अटिया ही कारस्थानी, कामुक आणि प्रसंगी खून करवणारी बाई आहे. ती खरोखरच तशी होती का? दुसरे असे की यच्चयावत रोमन माणसे ब्रिटिश वळणाचे इंग्रजी बोलतात आणि बहुतेक सगळे नट ब्रिटिश किंवा आयरिश आहेत. पात्रनिवडीत ऐतिहासिक अचूकता पाहायची झाल्यास ती नेमकी कशात पाहावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

लॅटिनची विद्यार्थिनी:

अटियावर मालिकेने अन्यायच केला आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने वक्तृत्वावरील आपल्या संवादात मुलांना शिस्तीने वाढवणाऱ्या आदर्श मातांची उदाहरणे दिली आहेत. त्यांत ग्रॅकस बंधूंची आई कॉर्नेलिया आणि सीझरची आई ऑरेलिया यांच्या पंक्तीला त्याने अटियाला बसवले आहे. ती इ.स.पू. ४३ मध्ये, मुलाच्या पहिल्या कॉन्सलपदाच्या (रोममधील सर्वोच्च, एका वर्षाच्या पदाच्या) काळातच वारली. मालिकेत मात्र ती इ.स.पू. २९ मधील ऑक्टेव्हियनच्या विजयोत्सवापर्यंत जिवंत आहे, म्हणजे लेखकांनी तिला चौदा वर्षांचे जादा आयुष्य बहाल केले आणि त्याची किंमत तिच्या चारित्र्यातून वसूल केली. पडद्यावर दिसणारी ही बाई मला तरी अटियापेक्षा क्लोडियाच्या जवळची वाटते. इ.स.पू. ५६ मध्ये केलियस या तरुणाच्या बचावाचे भाषण करताना प्रसिद्ध वक्ता सिसेरोने जिची यथेच्छ बदनामी केली, तीच ही क्लोडिया. आणि ते वर्णनही विरोधी पक्षाच्या वकिलाचे आहे, हे विसरू नये.

अटियाची मुलगी ऑक्टेव्हिया हिची गोष्टही तशीच. मालिकेत तिच्या पहिल्या नवऱ्याचे नाव ग्लॅबियस आहे आणि त्याचा काटा सासूच काढते. खऱ्या ऑक्टेव्हियाचा पहिला नवरा गायस क्लॉडियस मार्सेलस हा इ.स.पू. ५० मध्ये कॉन्सल होता, तिला त्याच्यापासून तीन मुले झाली आणि तो इ.स.पू. ४० मध्ये वारला. त्याच वर्षी तिचे मार्क अँटनीशी लग्न झाले.

गंमत अशी की ज्यांच्याबद्दल फारशी माहितीच उरलेली नाही, त्या व्होरेनस आणि पुलो या मालिकेच्या दोन सैनिक नायकांच्या बाबतीत मी मालिकेला पूर्ण सूट देते. सीझरच्या गॉलवरील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) मोहिमेच्या वृत्तांताच्या पाचव्या पुस्तकात ते एकदाच येतात: बढतीसाठी एकमेकांशी सतत चुरस करणारे दोन सेंच्युरियन (तुकडीचे अधिकारी) तटबंदीबाहेर पडतात आणि आळीपाळीने एकमेकांचा जीव वाचवतात. मालिकेने पुलोला साधा शिपाई केले, पण एवढ्याशा उल्लेखातून दोन जिवंत माणसे उभी केली. मोकळी जागा होती, ती त्यांनी भरली. अटियाच्या बाबतीत मात्र जागा मोकळी नव्हती.

पडद्यामागचा:

पात्रनिवडीबद्दल थोडे लिहितो. चेहरेपट्टीचा हट्ट धरला तर मोठमोठ्या भूमिका बाद कराव्या लागतील. रोमन चरित्रकार सुएटोनियसच्या वर्णनानुसार ऑगस्टस उंचीने कमी होता आणि उंच दिसावे म्हणून जाड तळव्यांची पादत्राणे वापरत असे. बीबीसीच्या १९७६ च्या ‘आय, क्लॉडियस’ मालिकेत हीच भूमिका आडदांड देहाच्या आणि गडगडाटी आवाजाच्या ब्रायन ब्लेस्ड यांनी केली आणि ती आजही लोकांच्या लक्षात आहे. उच्चारांचे म्हणाल, तर सगळ्यांचे इंग्रजी ब्रिटिश असणे हा निव्वळ रंगभूमीचा संकेत आहे. त्याला नकार देणारा एक प्रयोग २०२० च्या ‘बार्बेरियन्स’ या जर्मन मालिकेत झाला. त्यात रोमन लॅटिन बोलतात आणि जर्मन टोळ्या आधुनिक जर्मन. परके कोण, हे प्रेक्षकाला कानांनीच कळते.

वर्णाचा वाद अधिक अवघड आहे. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने क्लिओपात्राच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णीय अभिनेत्री ॲडेल जेम्स यांना निवडले, तेव्हा इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने जाहीर आक्षेप घेतला. तिचे टॉलेमी घराणे मूळचे मॅसिडोनियन ग्रीक होते, हे खरेच. पण तिच्या आईविषयी निश्चित पुरावा नाही. उलट दिशेने पाहिले तर साम्राज्यातील प्रत्येक माणूस गोरापान दाखवणे हीसुद्धा चूकच आहे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्नाचा, आणि बर्लिनच्या संग्रहालयातील त्याच्या कुटुंबाच्या रंगीत चित्रफळ्यावर त्याची त्वचा बायकोपेक्षा स्पष्टपणे सावळी आहे. (त्याच चित्रातला धाकट्या मुलाचा, गेटाचा, चेहरा खरवडून काढलेला आहे, भावाने त्याचा खून करवल्यावर त्याची आठवणही पुसण्याचा हुकूम निघाला होता.)

वाचनवेडा:

दोघांचेही मनापासून आभार. पण ‘पडद्यामागचा’ यांना एक विचारतो: मग ‘रोम’मधल्या क्लिओपात्राचे काय? प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क म्हणतो की तिचे सौंदर्य अतुलनीय नव्हते, मोहिनी होती ती तिच्या संभाषणात. शिवाय इजिप्शियन भाषा शिकलेली ती त्या घराण्यातली पहिलीच. मालिकेत ती अफूच्या धुंदीत दिसते आणि तिच्या मुलाचा बाप चक्क पुलो असल्याचे सुचवले जाते.

पडद्यामागचा:

तिथे मीही हात टेकतो. माझा आक्षेप नटीच्या निवडीवर अजिबात नाही, तिच्या हाती दिलेल्या संहितेवर आहे. अनेक भाषांत राज्यकारभार करणारी राणी लिहायला वेळ लागतो. नशेतली राणी एका प्रसंगात उरकते. वाईट याचे वाटते की याच मंडळींनी रोममधल्या चिनेचित्ता या चित्रपट-स्टुडिओत पांढऱ्याशुभ्र संगमरवराऐवजी रंगवलेल्या आणि चावट मजकुराने भरलेल्या भिंतींचे शहर उभारले होते. भिंतींसाठी त्यांनी पुरावे पाहिले होते.