मक्याच्या शेतातील भुलभुलैया : वाटा कशा पाडतात आणि परवडते कसे?

ओतूरकर (सध्या पेनसिल्व्हेनिया)
मागील ऑक्टोबरमध्ये आम्ही लँकेस्टर परगण्यातील एका शेतावर मक्याच्या भुलभुलैयात पाऊण तास फिरलो. तिसऱ्यांदा एकाच मोडक्या ताटापाशी आलो, तेव्हा धाकट्याने ओळखले की त्या कणसाचा पाला त्यानेच सोलला होता. जुन्नर तालुक्यातील ओतूरला माझ्या भावाचे दोन खोल्यांचे कृषी पर्यटन केंद्र आहे. फोटो पाहून तो विचारतो, की वाटा पेरतानाच सोडतात की नंतर काढतात, उभे पीक लोकांच्या पायाखाली देऊन शेतकऱ्याला उरते काय, आणि हे आपल्याकडे जमेल का?

आडवी_पाभर
मी एका शेतावर दोन हंगाम हे काम केले आहे. वाटा बहुधा नंतरच काढतात. एकदा उभी आणि एकदा आडवी अशी दुहेरी पेरणी केली, की ओळींमधून आरपार दिसत नाही. पीक गुडघ्याएवढे होण्याच्या सुमारास आराखडा चौकटी आखून किंवा जीपीएसच्या साहाय्याने शेतात उतरवतात. यात एक मेख आहे : साधारण सहा पानांपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो, त्यामुळे रोपे नुसती वरून छाटली तर वाट आठवड्याभरात पुन्हा हिरवी होते, म्हणून ती रोटाव्हेटरने मुळासकट उखडावी लागते. शिवाय ऑक्टोबरपर्यंत ताटे हिरवी राहावीत यासाठी पेरणी नेहमीपेक्षा उशिरा, जूनमध्ये करतात.

कणीसप्रेमी
आपण गेलात त्याच्या शेजारच्याच परगण्यात, ॲनव्हिल येथे, 1993 साली डॉन फ्रांझ यांनी इंग्लंडचे रचनाकार एड्रियन फिशर यांच्यासह डायनोसॉरच्या आकाराचा भुलभुलैया उभारला आणि आजच्या प्रकाराची सुरुवात तेथून झाली. पुढे आकाराची चढाओढ लागली. कॅलिफोर्नियातील डिक्सन येथील 60 एकरांच्या भुलभुलैयाची 2014 मध्ये गिनीज नोंद झाली. माझ्या मते एवढा मोठा आकार हा हव्यासच आहे, कारण 2011 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील डॅनव्हर्स येथे, त्याहून बऱ्याच लहान शेतात, तान्ह्या बाळासह अडकलेल्या कुटुंबाने अंधार पडल्यावर थेट 911 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला होता, आणि ते बाहेर पडण्याच्या वाटेच्या अगदी जवळच होते.
पैशांचे म्हणाल, तर मका हे येथे निमित्त असते. खरी कमाई प्रवेश तिकीट, भोपळे, गवताच्या गंज्यांवर बसवून ट्रॅक्टरची फेरी आणि गरम डोनट यांतून होते, आणि हंगाम संपल्यावर उरलेला मका कापून घेतात तो वेगळाच. मात्र सगळा खेळ सहा-सात आठवड्यांचा. त्यात दोन शनिवार-रविवार पावसात गेले, की वर्षाचे गणित बिघडते.

नारायणगावहून
भाऊंना सांगा, की आपल्याकडे पहिला प्रश्न नकाशाचा नसून बिबट्याचा आहे. जुन्नर तालुक्यात तो उसात पिले घालतो. दाट पेरलेला डोक्याएवढा मका त्याला परका वाटणार नाही. खरिपाचा मका ऐन चिखलात उंच होतो, म्हणून त्या हंगामाचा नाद सोडावा. ऑक्टोबरमध्ये पेरला तर नाताळाच्या सुट्टीला, हुरड्याची मंडळी येऊ लागतात तेव्हा, पीक उंच आणि वाटा कोरड्या मिळतील. लष्करी अळीसाठी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, फवारणी करावीच लागते. औषधाच्या डब्यावरील प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय मुलांना आत सोडू नये. पुढे दाणे चिकात असतानाच कापून मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) केला, तर चाराही वाया जात नाही.

ओतूरकर (सध्या पेनसिल्व्हेनिया)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाशी बोललो. उसाला लागून असलेले शेत त्याने बाद केले असून घरामागची 20 गुंठे जागा, चारही बाजूंनी जाळी आणि मध्ये माणूस बसेल असा उंच माळा, एवढ्यावर तो तयार झाला आहे. संध्याकाळी पाचनंतर कोणालाही आत सोडायचे नाही, ही अट आमच्या आईने घातली आहे.