इंटरलॉकची चाचणी झाली नसेल तर रिस्कचा आकडा छापूच नये

वाफारा (धागाकर्ता)

केमिकल प्लांटचे रिस्क असेसमेंट रिपोर्ट वाचताना एक गोष्ट कायम खटकते. शेवटच्या पानावर 'टाकी भरून वाहण्याची शक्यता : वर्षाला ०.००००३' असं ठळक छापलेलं असतं, शेजारी मॅट्रिक्समध्ये (धोक्याच्या रंगीत तक्त्यात) हिरवा चौकोन. मॅनेजर तेवढंच वाचतो, फाईल कपाटात जाते.

माझं म्हणणं असं आहे की ज्या स्विचच्या, व्हॉल्व्हच्या, म्हणजे धोका दिसताच आपोआप पुरवठा बंद करणाऱ्या इंटरलॉकच्या भरवशावर तो आकडा काढला, त्यांची शेवटची चाचणी कधी आणि कशी झाली हे त्याच पानावर लिहिता येत नसेल, तर आकडा छापूच नये.

इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या तेल डेपोचं बघा. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. टाकी ९१२ मध्ये पाइपलाइनने पेट्रोल येत होतं. पहाटे तीनच्या सुमारास लेव्हल गेज (टाकीतली पातळी दाखवणारा) एका जागी अडकला. टाकी भरत राहिली, पडद्यावरची रेघ सपाटच. त्याच्या वर, गेजपासून स्वतंत्र असा पातळी अति वाढल्यावर चालणारा स्विच होता आणि त्याने पुरवठा बंद करायला हवा होता. पण या स्विचची तपासणीची दांडी योग्य जागी धरून ठेवायला एक कुलूप लागायचं आणि ते लावलेलंच नव्हतं. ते कुलूप कोणी छेडछाड करू नये म्हणून असतं, असाच समज होता! स्विच मेलेला. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर आलं आणि सहा वाजता स्फोट झाला. सुट्टीची पहाट म्हणून माणूस दगावला नाही, ४३ जखमी. कागदावर मात्र संरक्षणाचे दोन थर शाबूत होते.

आता हिशेब. समजा एखादा स्विच पन्नास वर्षांतून एकदा गुपचूप बिघडतो. दरवर्षी नीट तपासला तर ऐन गरजेच्या वेळी तो न चालण्याची सरासरी शक्यता शंभरात एक. तीच चाचणी शटडाऊन (प्लांट थांबवायची संधी) मिळाला नाही म्हणून चार वर्षं ढकलली की पंचविसात एक. रिपोर्टात शंभरचाच आकडा राहतो, तो कोणी बदलत नाही.

बरं, चाचणी तरी कशी होते? इन्स्ट्रुमेंटवाला पॅनेलमागे जाऊन टर्मिनलची वायर सोडवतो, ट्रिप (बंद करायचा आदेश) येते, रजिस्टरमध्ये 'ओके' पडतं. यात तपासलं गेलं फक्त पॅनेलमधलं लॉजिक. पातळीबरोबर वर येणारा फ्लोट गाळात रुतलाय का, खालचा व्हॉल्व्ह पूर्ण बसतो का, की पाच टक्के उघडाच राहतो, हे कोण बघणार?

अनुजा के.

असहमत. मी रिलायबिलिटीत (यंत्रं किती भरवशाची याच्या हिशेबात) काम करते, त्यामुळे बाजू घेतेय असं वाटलं तर वाटू दे.

काका, बन्सफिल्डचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तो गेज ऑगस्टअखेरपासून स्फोटापर्यंत १४ वेळा अडकला होता. म्हणजे साधारण आठवड्याला एकदा! कोणीतरी बसून एवढा भागाकार केला असता, तर ती टाकी दुसऱ्या दिवशी बंद झाली असती. पण झालं काय, प्रत्येक वेळी गेज हलवून सोडवला आणि शिफ्ट पुढे गेली. तिथे कमी पडलं ते मोजमाप, आणि तुम्ही मोजमापच बंद करा म्हणताय.

आकडे काढून टाकले की बजेटच्या मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचं काम होतं. आग विझवायच्या पाण्याची हायड्रंट लाइन रंगवायला पैसे मिळतात, कारण ती गेटवरून दिसते. आत बसलेला, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कोणाला दिसतो? 'हा व्हॉल्व्ह नाही बदलला तर धोका दहापट' हे सांगायला माझ्याकडे आकड्याशिवाय दुसरं काही नाही.

हिरव्या-पिवळ्या मॅट्रिक्सबद्दल मात्र सहमत. आधी रंग ठरतो, मग त्याला साजेशी शक्यता शोधली जाते, हे मीही पाहिलंय.

पॅनलवरचा

दोघंही इंजिनिअर, म्हणून एक थर विसरताय: मी, ऑपरेटर. लोपामध्ये (संरक्षणाचे थर मोजायच्या पद्धतीत) 'अलार्म आल्यावर ऑपरेटर कारवाई करेल' याला बहुतेक वेळा दहात एक अपयश धरतात, म्हणजे नऊ वेळा मी बरोबर वागणार असं गृहीत.

रात्री अडीचला पॅनलसमोर बसून बघा. एक फ्लो ट्रान्समीटर (प्रवाह मोजणारा) महिनाभर फडफडतोय, दर मिनिटाला बीप. वर्क ऑर्डर टाकलीय, सुटा भाग आला नाही म्हणून पडून आहे. अ‍ॅकनॉलेज बटणावरची अक्षरं पुसली गेलीत इतकं ते दाबलं जातं. त्या गर्दीत खरा हाय लेव्हल अलार्म आला तर तो त्याच रंगाचा, त्याच आवाजाचा. बोट आपोआप जातं.

हॅझॉपला (प्लांटचा एकेक भाग, म्हणजे नोड, घेऊन धोके शोधायच्या बैठकीला) आम्हाला बोलावतात, चहा-बिस्किटं होतात, 'ऑपरेटर लक्ष ठेवेल' असं लिहिलं जातं आणि पुढचा नोड. लक्ष ठेवायला किती माणसं आहेत हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

पूर्वेचा_डोंबिवलीकर

मी इंजिनिअर नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, एमआयडीसीतले दोन्ही स्फोट आमच्या खिडक्यांनी अनुभवलेत. इथे बरीच माहिती मिळतेय, पण चर्चा सगळी कुंपणाच्या आतली आहे.

१९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत स्पष्ट आहे की मोठ्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते त्यांना कारखानदाराने धोक्याची माहिती द्यायची. सोसायटीत चौकशी केली, असा कागद कोणी पाहिलेला नाही. ब्रिटनमध्ये बाहेरच्या नागरिकासाठी वर्षाला दहा हजारांत एक मृत्यू ही सहन करण्याची कमाल मर्यादा मानतात आणि दहा लाखांत एकच्या खाली गेलं की फार चिंता करत नाहीत. आमच्या गल्लीसाठी कोणता आकडा कोणी मंजूर केला? छापू नका कसलं म्हणता, गेटवर बोर्ड लावून छापा. चुकीचा असेल तर निदान भांडता येईल.

दोन_रिअ‍ॅक्टरवाला

माझं छोटं युनिट आहे. कन्सल्टंट येतो, जाडजूड रिपोर्ट देतो, त्यात कधीकधी दुसऱ्याच कंपनीच्या टाकीचा नंबर राहिलेला असतो (हसू नका). पैसे मोजून झाल्यावर कळतं की सांगितलेला इंटरलॉक लावायला माझ्याकडे माणूसच नाही.

मी वेगळंच केलं. ज्या सॉल्व्हंटचा मोठा साठा ठेवायचो तो कमी केला, टँकरऐवजी ड्रम मागवतो. भाव जास्त पडतो, ड्रम हाताळायची कटकट वेगळी. पण जे आवारात नाही त्याचा हिशेबही नको आणि चाचणीही नको. भोपाळला एकाच टाकीत ४० टनांच्या आसपास मिक (मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन) कशासाठी साठवून ठेवला होता, हा प्रश्न तिथल्या सगळ्या सुरक्षा यंत्रणांच्या आधीचा आहे.

वाफारा

भोपाळ आलंच आहे तर अनुजाताईंना तिथूनच उत्तर देतो. त्या टाकीला शीतकरण होतं, वायू शोषणारा स्क्रबर होता, जाळून टाकणारा फ्लेअर होता. तीन थरांचे आकडे गुणले तर शक्यता नगण्य येईल. प्रत्यक्षात शीतकरण जून १९८४ पासूनच बंद, स्क्रबर स्टँडबायवर, फ्लेअरच्या लाइनचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला. तिन्ही एकाच कारणाने आडवे पडले होते: तोट्यातला प्लांट, मिकचं उत्पादन थांबलेलं, खर्चाला कात्री. ही कात्री कुठल्या तक्त्यात सापडते?

अनुजा के.

कात्रीचा तक्ता नाही, हे मान्य. पण एकाच कारणाने दोन गोष्टी बिघडणं गणितात नाही असं म्हणू नका. शंभरात एक अपयशाचे दोन स्विच पूर्ण स्वतंत्र धरले आणि एकत्रच तपासले, तर दोन्ही एकदम न चालण्याची शक्यता साधारण साडेसात हजारांत एक. त्यातले दहा टक्के बिघाड सामाईक धरा, तीच शक्यता नऊशेत एकवर येते. दुसरा स्विच घेण्यातला बहुतेक फायदा गेला. हे दाखवल्यावरच आमच्याकडे दुसरा स्विच वेगळ्या तत्त्वाचा आणि टाकीच्या वेगळ्या नोझलवर (जोडणीवर) घेतला. भाषणाने घेतला नसता.

आणि आकडा कोण सांगतो हेही बघा. चॅलेंजर या अंतराळ शटलच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांना व्यवस्थापनाकडून यान गमावण्याची शक्यता लाखात एक अशी मिळाली, इंजिनिअरांकडून शंभराच्या आसपास एक. शटलची एकूण १३५ उड्डाणं झाली, दोन यानं गेली. आकड्याने दगा दिला नाही, वरच्या मजल्यावरच्या आकड्याने दिला.

माझा प्रस्ताव: आकडा छापा, पण त्याला मुदत घाला. चाचणीची तारीख उलटली की सिस्टिमने तो स्विच हिशेबातून वजा करून नवा आकडा दाखवावा, थेट प्लांट हेडच्या स्क्रीनवर.

वाफारा

मुदतीची कल्पना पटली. वायर सोडवून केलेली चाचणी त्यात चाचणी म्हणून धरायची नाही, एवढी अट घाला. आणि मुदत संपल्यावर प्लांट चालू ठेवायचा असेल तर कोणाची सही? शिफ्ट इनचार्जची नको. कायद्याने जो ऑक्युपायर (कारखान्याला अंतिम जबाबदार), म्हणजे कंपनीत सहसा डायरेक्टर, त्याची.

पॅनलवरचा

+१. आणि त्या सहीची झेरॉक्स कंट्रोल रूममध्ये.

दोन_रिअ‍ॅक्टरवाला

आमच्याकडे ऑक्युपायर मी, प्लांट हेड मी आणि सुटा भाग आणायला अंबरनाथला जाणाराही मीच. चाचणीची तारीख संपली, ऑर्डर उद्या लोड करायचीय, तर मी स्वतःलाच पत्र लिहून परवानगी मागू का? गंभीरपणे विचारतोय. मोठ्या कंपन्यांचं तुमचं ठरलं, आमच्यासाठी सुचवा काहीतरी.