वीज कंपनी बदलता येते का, आणि येत नसेल तर स्वयंपाकाचे इंधन बदलावे का?

शहापूरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही बेळगावच्या शहापूर भागात राहतो आणि सासूबाई धरून घरात पाच माणसे आहोत. माझी बहीण बोरिवलीला असते. तिने मागे विजेची कंपनी बदलली. तारा त्याच राहिल्या, बिल मात्र दुसऱ्या कंपनीचे येऊ लागले. तेव्हापासून मनात आहे की, हेस्कॉम या आमच्याकडच्या सरकारी वीज कंपनीऐवजी आपल्यालाही दुसरीकडून वीज घेता येईल का?

दुसरे असे की, 8 एप्रिल 2025 रोजी सिलिंडर 50 रुपयांनी महागला आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीत गॅसची पाइपलाइन घातली गेली. मुलाचे म्हणणे असे की, कर्नाटक सरकारच्या 'गृहज्योती' योजनेमुळे लाईट बिल शून्य येते, तर पाइप आणि सिलिंडर दोन्ही सोडून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर करावा. आमचा वापर महिन्याला 145 युनिटांच्या आसपास असतो, योजनेत मंजूर युनिट 156 आहेत आणि सिलिंडर 45 दिवस पुरतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीचा रहिवासी

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. मुंबईच्या उपनगरांत एकाच भागात दोन कंपन्यांकडे वीजवितरणाचा परवाना असल्यामुळे 2009 पासून तेथील घरगुती ग्राहकांना कंपनी निवडता येते. आपल्याकडे तशी स्थिती नाही. 2003 च्या वीज कायद्याने एका भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. परंतु बेळगावात आपल्या दारापर्यंत तारा आहेत त्या हेस्कॉमच्याच. त्याच कायद्यातील खुल्या प्रवेशाची, म्हणजे त्याच तारांवरून दुसऱ्याची वीज विकत घेण्याची, तरतूद कारखान्यांसारख्या मोठ्या ग्राहकांसाठी आहे, पाच माणसांच्या घराला तिचा उपयोग नाही. आपल्या जिल्ह्यात हुक्केरी तालुक्यात सहकारी संस्था वीज पुरवते, हे अनेकांना ठाऊक नसते; पण तेथेही गाव कोणत्या हद्दीत आहे यावरून पुरवठादार ठरतो, ग्राहकाच्या पसंतीने नाही.

महाराष्ट्रातील चंदगड किंवा गडहिंग्लजच्या पाहुण्यांचे बिल पाहून आपल्या बिलाचा अंदाज बांधू नये, हेही सांगावेसे वाटते. त्यांच्याकडे वापर वाढेल तसा युनिटचा दर चढत जातो; आपल्याकडे घरगुती विजेला आता सर्व युनिटांना एकच दर आहे.

अनगोळहून

मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून आकडे मांडतो. कृपया घाई करू नका, कारण आपल्या चिरंजीवांच्या सूचनेत एक मोठा धोका आहे.

14.2 किलोच्या सिलिंडरमधील उष्णता सुमारे 180 युनिट विजेइतकी असते, पण शेगडीवर तिच्यातील साधारण दोन तृतीयांशच भांड्याला लागते आणि बाकीची बाजूने निघून जाते. इंडक्शनवर 85 टक्क्यांच्या आसपास कामी येते. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर सुमारे 140 युनिटांत होईल. आपला सिलिंडर 45 दिवस जातो, तेव्हा महिन्याला 93 युनिट वाढतील आणि एकूण वापर 238 वर जाईल.

खरी अडचण येथेच आहे. 'गृहज्योती'त 2022-23 या वर्षाच्या सरासरी वापरावर 10 टक्के वाढवून आपली मंजूर युनिटे ठरलेली आहेत. त्यांच्या वर, पण 200 च्या आत वापर गेला, तर केवळ जादा युनिटांचे पैसे भरावे लागतात. 200 ओलांडले की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते, सवलतीची युनिटे त्यातून वजा होत नाहीत. 1 एप्रिल 2025 पासूनच्या दराने 238 युनिटांचे 5 रुपये 80 पैशांप्रमाणे 1,380 रुपये, मंजूर भार दोन किलोवॅट धरल्यास प्रति किलोवॅट 145 प्रमाणे स्थिर आकार 290, वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी युनिटमागे लावलेला 36 पैशांचा अधिभार आणि वर 9 टक्के कर, असे मिळून बिल 1,900 रुपयांच्या आसपास जाते. त्या बदल्यात वाचतो काय, तर दोन तृतीयांश सिलिंडर, म्हणजे सहाशेच्या आतबाहेर. आज शून्य येणारे बिल 1,900 करून सहाशे वाचवण्यात काय अर्थ आहे?

केवळ चहा, दूध आणि आंघोळीचे पाणी इंडक्शनवर ठेवून वापर 190 पर्यंत राखला, तरी मंजुरीपेक्षा जादा झालेल्या 34 युनिटांना सव्वादोनशे रुपये लागतील आणि गॅस वाचेल तो तीनशेच्या आतलाच. हाती फारसे काही उरत नाही. उन्हाळ्यात पंखे वाढले की 200 ची रेषा नकळत ओलांडली जाते, ही भीती वेगळीच.

खानापूर तालुक्यातून

आमच्याकडे पावसाळ्यात झाड तारांवर पडले की वीज कधी परत येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे चूल पेटवण्याचे साधन केवळ विजेवर ठेवणे मला पटत नाही. शिवाय इंडक्शनवर ज्वारीची भाकरी आमच्याकडे मनासारखी होत नाही. आम्ही ती तव्यावरून काढून उघड्या जाळावर फुगवतो, आणि न फुगलेली भाकरी आमच्या घरात वडीलधारी माणसे ताटात घेत नाहीत. आपल्या सासूबाईंना आधी विचारावे.

हिंडवाडीकर

पाइपच्या गॅसबद्दल लिहितो, कारण आम्ही तो घेतला आहे. एका सिलिंडरइतकी उष्णता सुमारे 17 ते 18 घनमीटर पाइप गॅसमध्ये असते. म्हणून करासह जो दर असेल त्याला साडेसतराने गुणावे आणि येणारी रक्कम सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहावी. आम्हाला फॉर्म भरताना दर तोंडी सांगितला गेला आणि पहिल्या बिलावर निराळा निघाला. तेव्हा दर, डिपॉझिट आणि किमान आकार लेखी घ्यावेत. हा भावही स्थिर नाही. एप्रिल 2023 पासून देशी गॅसची किंमत कच्च्या तेलाच्या भावाला जोडली आहे, जरी तिला वरची मर्यादा घातलेली असली तरी.

शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी, बदलावे लागते, आणि ते कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावे. सिलिंडरच्या जेटवर पाइपचा गॅस मंद जळतो. सिलिंडर परत केल्यास टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी परत केल्याची पावती, जपून ठेवावे, म्हणजे पुढे जोडणी पुन्हा घेताना अडचण येत नाही.

शहापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 200 ओलांडल्यावर पूर्ण बिल लागते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. मुलालाही हिशेब दाखवला, त्याने तो स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि इंडक्शनचा विचार सोडला. पाइप गॅसचा दर लेखी मागितला आहे. तो हाती येईपर्यंत सिलिंडर चालू ठेवतो, आणि मीटरचा आकडा दर रविवारी दिनदर्शिकेवर लिहायला सुरुवात केली आहे.