वाचाळ, बोलघेवडा, पाल्हाळिक : एकाच माळेचे मणी नव्हेत

खूप बोलणाऱ्यांसाठीच्या मराठी शब्दांच्या एका यादीत बडबड्या, बोलघेवडा आणि वाचाळ हे समानार्थी म्हणून एका ओळीत दिलेत. मला ते पटत नाही. लहान मुलाला आपण कौतुकाने 'बडबड्या' म्हणतो, 'वाचाळ' कधीच म्हणत नाही. बोलघेवडा तर वेगळाच: तो बोलतो भरपूर, पण करायची वेळ आली की मागे.

वाचाळमधली नाराजी जुनी आहे. संस्कृत व्याकरणकार पाणिनीने 'खूप बोलणारा' या अर्थी वाच् शब्दाला प्रत्यय लावून 'वाचाल' आणि 'वाचाट' सिद्ध केले, आणि त्याच्या सूत्रांवर पूरक टिपा लिहिणाऱ्या वार्तिककाराने पुस्ती जोडली की हे निंदेपुरतंच. भरपूर पण नेटकं बोलणाऱ्यासाठी 'वाग्मी' हा वेगळा शब्द. मराठीत वाचाळ आणि वाचाट दोन्ही टिकले, वाग्मी मात्र भाषणापुरता उरला. याचं मला खरंच वाईट वाटतं.

लांबण लावण्याचे शब्द तर फारच नेमके आहेत. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, वळत राहावं तितका लांबणारा. दळण दळणारा तेच ते पुन्हा सांगतो. पाल्हाळिक माणूस कदाचित नवीन काही सांगतही असेल, पण मुद्द्यावर यायला वेळ लावतो. गुऱ्हाळाला एकटा माणूस पुरत नाही, ते चर्चेचं असतं. टकळीत राग नाही, नुसता न थांबणारा वेग आहे. तोंडाचा पट्टा मात्र समोरच्यावरच चालतो, कारण पट्टा म्हणजे मुळात शस्त्रच.

यादीत 'गप्पिष्ट' राहिलाय, तोही घाला. त्याच्याकडे लोक आपणहून जाऊन बसतात.