ग्रीनलंडच्या खडकातला कार्बन: जीवाचा पुरावा की नुसता काळा डाग?

कातळवेडा:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, '३८० कोटी वर्षांपूर्वी जीव होता हे सिद्ध झालंय, आता वाद कसला?' वाचून डोकंच फिरलं. १९९६ मध्ये ग्रीनलंडजवळच्या आकिलिया बेटाच्या खडकात, ॲपेटाइट या फॉस्फेट खनिजाच्या कणांमध्ये ग्राफाइट, म्हणजे कार्बनचंच एक रूप, सापडलं. त्यात कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार) कमी, म्हणून ते सजीवांचं, असा दावा झाला. पण २००२ मध्ये भूशास्त्रज्ञ फेडो आणि व्हाइटहाउस म्हणाले, हा मुळात गाळाचा खडकच नाही. २००५ मध्ये लेपलँड यांच्या गटाला ॲपेटाइटमध्ये ग्राफाइट मिळालंच नाही. याला सिद्ध म्हणायचं?

जुनी माती:
अर्धीच गोष्ट का सांगता? २००७ मध्ये मॅकीगन यांच्या गटाने रामन तंत्राने (लेसरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखायची पद्धत) ॲपेटाइटच्या आतलं ग्राफाइट दाखवलं. आणि ग्रीनलंडमधलंच इसुआ कुठे गेलं? भूशास्त्रज्ञ रोझिंग यांना १९९९ मध्ये तिथे मिळालं: समुद्रतळाचा गाळ, ३७० कोटी वर्षांहून जुना, कार्बन-१३ दर हजारी १९ ने कमी. सूक्ष्मजीव हलका कार्बन आधी उचलतात, म्हणून असं होतं.

कातळवेडा:
जीव नसतानाही हलका कार्बन तयार होतो. शिवाय इसुआच्याच काही खडकांत तापून सिडेराइट (लोह आणि कार्बन असलेलं खनिज) विघटन पावलं आणि त्यातून ग्राफाइट झालं.

स्लाइडवाली:
तुम्ही दोघंही नमुना स्वच्छ होता असं धरून चालताय! एमएस्सीला माझ्या स्लाइडमध्ये, म्हणजे घासून पातळ केलेल्या खडकाच्या कापात, काळे ठिपके होते. तीन महिने 'सेंद्रिय' म्हणून मोजले. शेवटी लॅबमधले काका म्हणाले, 'ताई, भेगेत घासायची पावडर अडकलीय.' तेच गाइडना सांगितलं तर म्हणाले, आकडे बदलू नकोस.

जुनी माती:
तुमच्या गाइडचा राग रोझिंगवर कशाला काढता?

स्लाइडवाली:
राग नाही, अनुभव आहे. व्हॅन झुइलेन यांनी २००२ मध्ये इसुआचे नमुने टप्प्याटप्प्याने तापवले. काहींतला कार्बन कमी तापमानालाच जळाला, म्हणजे तो अलीकडे शिरलेला. माझ्या ठिपक्यांसारखाच!

जुनी माती:
काही नमुन्यांतला! रोझिंगचा गाळ वेगळा, तिथे सिडेराइटचं कारण लागू पडत नाही. एवढा फरक तरी करा.

कातळवेडा:
बरं, तो फरक मान्य. इसुआचा गाळ आकिलियापेक्षा भक्कम आहे. पण 'सिद्ध' हा शब्द मी घेणार नाही.

स्लाइडवाली:
आणि त्या तीन महिन्यांचे आकडे अजूनही माझ्या प्रबंधात तसेच छापलेले आहेत. मला ते दुरुस्त करायचे आहेत. कुणी असं केलंय का?