तुकड्या-तुकड्यांत वाचायला काय घ्यावं? (सोबत कुरडया, केळीचं पाणी आणि माळ्यावरची जुनी रहस्यकथा)

कळण्याची_भाकरी (रावेर)

नमस्कार मंडळी. वाचनालयातून सध्या आणलेलं: नारायण धारपांच्या समर्थकथा (‘समर्थ’ हे दुष्ट शक्तींपासून लोकांना सोडवणारं त्यांचं पात्र), मतकरींच्या गूढकथांचा एक संग्रह, सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासची एक कादंबरी आणि सत्यजित रायांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांचे अशोक जैनांनी केलेले अनुवाद.

समर्थकथा छान, पण ओळीने वाचल्या की साचा दिसतो. संकट, समर्थ आले, निवारण झालं. मतकरींचं उलट. तिथे कुणी सोडवायला येईलच असं नाही, म्हणून जास्त टोचतात. अमर विश्वास अर्ध्यावर अडकलाय, कारण कोणता साक्षीदार काय म्हणाला तेच ध्यानात राहत नाही. फेलूदा घरातल्या पोरांनी पळवला, तो आता परत मिळायचा नाही.

बाकी नेहमीचंच. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, केळीच्या ठिबकला रात्रीची लाइट आहे, दुपारी पारा ४४ ला टेकतोय आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आल्याने अंगणात कुरडया-बिबड्यांची धांदल. वाचायला सलग वेळ असा नाहीच. पहाटे थोडा, दुपारी आडवं होण्याआधी थोडा, रात्री दोन वॉल्व्हच्या मध्ये थोडा.

तर विचारायचं असं:

१. अशा तुकड्यांत कोणत्या प्रकारचं वाचावं? अर्धवट राहिलेली रहस्यकादंबरी पहिल्यापासून सुरू करावी का?
२. माळ्यावर बाबुराव अर्नाळकरांच्या जमान्यातल्या पातळ रहस्यकथांचा गठ्ठा आहे. पानं पिवळी, कडा हात लावताच झडतात, कसर पण लागलीय. वाचण्याजोग्या कशा ठेवायच्या?
३. धारपांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात. घ्याव्यात का?

---

तापीकाठ

वेळ किती मिळतो यापेक्षा तो मध्येच तुटतो का, हे आधी बघा.

कूटकथेत (खून कुणी केला, कसा केला) मजा असते ती आधी पेरलेला दुवा नंतर आठवण्यात. मध्ये आठ दिवसांचा खंड पडला की दुवा जातो, आणि शेवटचा उलगडा वाचून ‘असं होतं होय’ एवढंच उरतं. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. सगळे लेखक तो पाळतात असं नाही, पण वाचकाने धडा घ्यायचा तो असा: पहिला पाचवा हिस्सा एका बैठकीत संपवायचा. २०० पानांची कादंबरी असेल तर पहिली ४० पानं सलग. तेवढं झालं की पुढचे तुकडे चालतात.

अमर विश्वास पहिल्यापासून सुरू करू नका, दुसऱ्यांदाही तिथेच अडकाल. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, तोच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. त्यावर चार रकाने पाडा: नाव, नात्याने किंवा कामाने कोण, घटनेच्या वेळी कुठे होता, आणि हे सांगितलं कुणी. चौथा रकाना सोडू नका. कोर्टातल्या रहस्यात खोट बहुतेक वेळा तिथेच सापडते, कारण ‘तो घरी होता’ आणि ‘तो घरी होता असं त्याची बायको म्हणते’ यांत फरक आहे. पुढे पानाचा आकडा टाका. दहा-बारा ओळींच्या वर गेलात तर तुम्ही नुसती यादी करताय, वाचत नाही आहात. कार्ड भरायला सुरुवातीची दोन प्रकरणं आणि झालेल्या उलटतपासण्या तेवढ्या चाळा.

भयकथा मात्र मध्ये सोडायचीच नाही. ताण हळूहळू चढवलेला असतो, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून चढत नाही. म्हणून मतकरींच्या छोट्या कथा पहाटेच्या वेळेला, एक म्हणजे एकच. धारपांच्या लांब कादंबऱ्या पावसाळ्यावर ढकला, तेव्हा सलग दुपार मिळेल. समर्थांचा साचा दिसतो म्हणता, तर दोन समर्थकथांच्या मध्ये दुसरा लेखक घाला. त्या ओळीने वाचायच्या कथाच नाहीत.

वॉल्व्हच्या मधल्या वेळेला शेरलॉक होम्स. ५६ लघुकथा आहेत, एकेक पाऊण ते एक तासात संपते, आणि कोणतीही आधी घेतली तरी फारसं बिघडत नाही.

---

दादर_ज्वारी

भाऊ, बठ्ठं बराबर शे, पण कुरडयांच्या वेळेचं कुणी बोललंच नाही. 😄 ते काम ऐकत करायचं.

चीक उकळत्या पाण्यात ओतताना पहिली पाच-सात मिनिटं मात्र काही लावू नका. धार बारीक ठेवून एका दिशेने घाटायचं असतं, लक्ष गेलं की गाठी झाल्याच, आणि गाठी सोऱ्याच्या ताटलीत अडकतात. पुढे चीक चकाकेपर्यंत मंद आचेवर हलवायचं असतं, तिथून कथा सुरू. फोन चुलीपासून लांब, स्पीकरवर. चिकाचे बुडबुडे फुटून उडतात आणि भाजतात.

ऐकायला पात्रं कमी असलेलं निवडा. नावांची गर्दी कानाला झेपत नाही, आणि मागचं पान उलटता येत नाही. एकाच माणसाच्या तोंडून सांगितलेली भयकथा उत्तम.

डेटाचा हिशेब: ६४ केबीपीएसचा ऑडिओ तासाला साधारण २९ एमबी घेतो. नऊ तासांचं पुस्तक २६० एमबीच्या आसपास. घरी वाय-फायवर उतरवून घ्या, शेतात रेंजच्या भरवशावर राहू नका.

आणि रात्री केळीत दोन्ही कानांत इयरफोन घालू नका. एक कान मोकळाच हवा. रानडुक्कर, साप हे तर आहेच, पण मोटारीचा आवाज बदलला तर तो पण ऐकू आला पाहिजे. पाणी तुटून मोटार कोरडी फिरली तर पुस्तक फार महागात पडेल.

---

खळ_आणि_पुठ्ठा (धुळे)

प्रश्न २ बद्दल. लांबेल, पण जुनी पुस्तकं अर्धवट माहितीनेच जास्त मरतात.

त्या काळच्या स्वस्त रहस्यकथा वर्तमानपत्री कागदावर छापायचे. या कागदाच्या लगद्यातून लिग्निन (लाकडातले धागे बांधून ठेवणारा घटक) काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि आम्लाने धागे तुटतात. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं की ही क्रिया दुप्पट वेगाने होते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते बघा. तेव्हा पहिलं काम, गठ्ठा आज खाली आणा. आतल्या भिंतीचं कपाट, तळाचा खण, भिंतीपासून चार बोटं अंतर.

ऊन दाखवू नका! कसर पळते हे खरं, पण कागद करपतो आणि ती रात्री परत येते. त्यापेक्षा फ्रीजर. पुस्तकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड पक्कं बंद करा. घरगुती फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, त्यात दोन आठवडे ठेवा. काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाहेरचा दमटपणा थंड कागदावर पाणी होऊन बसतो. भारनियमनात फ्रीजर वितळला असेल तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा, कारण अर्धवट गारठलेली अंडी जगतात.

मग पिना. मधल्या स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात. बोथट सुरीने आतल्या बाजूने पाय उघडा, उलट्या बाजूने हळूच काढा, ओढू नका. त्याच भोकांतून मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. लॅमिनेशनही नाही, आम्ल आतच कोंडलं जातं आणि नंतर काही करता येत नाही. इथे गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते, आणि ते सत्त्व तुमच्या अंगणात सध्या पातेलंभर आहे. कुरडईचा चीक म्हणजे दुसरं काय?

एक वाटी बसलेल्या ओल्या चिकाला अडीच वाट्या पाणी, मंद आचेवर १५–२० मिनिटं सतत हलवत शिजवा. पारदर्शक झाली की उतरवा, गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा, लावताना पाणी घालून ताकाइतकी पातळ करा. जपानी टिश्यू (लांब धाग्यांचा अगदी पातळ कागद) मिळाला तर चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम वजनाचा घ्या. त्याची सेंटीमीटरभर रुंद पट्टी कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ मारून फाडा, म्हणजे कडेचे केस सुटतात आणि जोड उठून दिसत नाही. खळ पट्टीला लावायची, पानाला नाही. लावल्यावर पट्टी क्षणभर टिपकागदावर ठेवून जास्तीचं पाणी जाऊ द्या. वर्तमानपत्री कागदाला ओल जास्त झाली की वाळताना तपकिरी रेघ उमटते, ती जात नाही. पट्टी बसवा, वर-खाली बटर पेपर, त्याबाहेर टिपकागद, वर वजन. पंधरा मिनिटांनी टिपकागद बदला, मग दोन-तीन तास तसंच राहू द्या.

---

कळण्याची_भाकरी

दादा, भारी! पण आमचा चीक आंबलेला असतो. गहू तीन दिवस भिजवतो, वास पण येतो. चालेल?

---

खळ_आणि_पुठ्ठा (धुळे)

बरं झालं विचारलंत. आंबट चीक तसाच वापरला तर आम्लाने खराब झालेल्या कागदाला आणखी आम्ल पाजाल. स्वच्छ पाण्यात ढवळा, बसू द्या, वरचं पाणी ओता. वास जाईपर्यंत तीन-चार वेळा. मीठ-हिंग पडायच्या आधी काढून घ्या हे सांगायला नकोच.

कणकेची खळ करू नका. चीक गाळताना चोथ्याबरोबर गव्हाचा चिकट भाग बराचसा निघून जातो. कणकेत तो राहतो, त्याने जोड पिवळा आणि ताठ होतो आणि कसरीला मेजवानी. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात ते विसरा. विषारी आहे, घरातल्या पातेल्यात तर नकोच, आणि तांब्याचे क्षार जुन्या कागदाला बाधतात. बिनमोरचुदाची खळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते. वास आला किंवा गुलाबी ठिपके दिसले की फेकून द्या.

सगळी पुस्तकं दुरुस्त करत बसू नका. कडा झडणाऱ्यांना दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून धुतलेल्या सुती कापडात बांधा, वर नाव लिहा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत बुरशी धरते. डांबरगोळ्यांपेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी, पण त्या वासाने कसर मरते अशा भ्रमात राहू नका. दर दोन महिन्यांनी उघडून बघणं एवढाच खरा उपाय.

---

कायद्याचं_बोला

प्रश्न ३. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत हक्क वारसांकडे किंवा ज्यांनी ते घेतलेत त्यांच्याकडे. अर्नाळकर १९९६, म्हणजे २०५६ अखेर. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ त्यामुळे बेकायदाच. ‘पुस्तक आता मिळत नाही’ याने हक्क संपत नाही.

कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले, मूळ इंग्रजी होम्स केव्हाच मोकळा झालाय. पण मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, त्याची मोजणी वेगळी.

तुमच्या गठ्ठ्यातल्या पुस्तकांचे स्वतःच्या वाचनापुरते फोटो काढायला हरकत नाही, खासगी वापराला कायद्यात जागा आहे. ते फोटो ग्रुपवर टाकले की विषय बदलला.

---

भुसावळ_जंक्शन

फोटो काढताना पुस्तक सपाट उघडू नका, कणा मोडेल. काटकोनात उघडं राहील असं दोन उश्यांवर ठेवा, एका बाजूची सगळी पानं आधी, मग दुसऱ्या बाजूची. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड पुरतो. आणि फोन उन्हात चार्जिंगला लावून वाचत बसू नका, ४५ अंशांच्या पुढे लिथियम बॅटरी चार्ज करणं तिच्या मुळावर येतं. नवी चिकटबांधणीची पुस्तकं गाडीच्या डिकीत ठेवू नका. गोंद मऊ होतो आणि पानांचे जुडगे सुटतात.

निवडीत विज्ञानकथा अजिबात दिसली नाही! नारळीकर घ्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. त्यांच्या कथा छोट्या, पात्रं थोडी, आणि विज्ञानाचा धागा एकच. दुपारच्या अर्ध्या तासाला चपखल. एखादी संकल्पना अडली तर तिथेच थांबू नका, बहुतेक वेळा पुढे कुणीतरी पात्र ती समजावून सांगतं.

नवीन लेखक चाचपायचे तर ‘धनंजय’, ‘नवल’ यांचे मागचे दिवाळी अंक बघा. दिवाळी उलटली की मागणी पडते, उन्हाळ्यात रद्दीच्या दुकानात आणि जुन्या पुस्तकवाल्यांकडे कमी भावात मिळतात. घेताना मधली पानं मोजून घ्या, कोडं किंवा राशिभविष्य कापून घेतलेलं असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला नेमका कथेचा शेवट असतो. तुमच्या वाचनालयात जुने अंक वेगळ्या खोलीत बांधून ठेवलेले असू शकतात. यादीत नसले तरी ग्रंथपालांना तोंडी विचारा.

---

कळण्याची_भाकरी

कार्ड पाडलं. चौथ्या रकान्यात आत्ताच दोन साक्षीदार एकमेकांच्या भरवशावर उभे दिसताहेत. पुढचं कुणी सांगू नका रे!

चीक उद्या गाळायचा आहे, एक वाटी धुवायला बाजूला काढते. @खळ_आणि_पुठ्ठा, जपानी टिश्यू धुळ्यात मिळतो का, की मागवावा लागेल?

---

खळ_आणि_पुठ्ठा (धुळे)

मागवावाच लागेल. तोवर शिवण, पुठ्ठे आणि फ्रीजर एवढं उरका. चहाच्या पिशवीचा कागद वापरा असं कुणी सांगेल, तर आधी तुकडा जाळून बघा. कडेला वितळून गोळी झाली तर त्यात प्लास्टिकचे धागे आहेत, नको.