खोलीबाहेर जाऊन बसलं की झालं?

डेटनवारी: काल इथं कोणीतरी ठोकून दिलं, 'ब्रॅकेटचं भाकीत, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेत कोणते संघ येणार हे ओळखणं, काय हो, नेट रँकिंगची (एनसीएएच्याच संघ-क्रमवारीची) यादी घ्यायची आणि खाली रेघ मारायची.' डोकंच फिरलं. रेघ मारून भागत असतं तर २०२४ ला इंडियाना स्टेट घरी बसली नसती. २८ जिंकले, ६ हरले, नेटमध्ये पहिल्या तिसांत, तरी बाहेर! संघ निवडणारी कमिटी बघते कोणाला आणि कुठे हरवलं ते. सगळ्यात कठीण सामने म्हणजे क्वाड-१: घरच्या कोर्टवर पहिल्या ३० मधला संघ, त्रयस्थ ठिकाणी ५०, त्यांच्या घरात जाऊन ७५. हेच माप २०२५ ला लावा. क्वाड-१ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया ६-१०, नॉर्थ कॅरोलायना १-१२. आत कोण? कॅरोलायना. तेव्हा कमिटीचे अध्यक्ष कोण होते? कॅरोलायनाचेच तेव्हाचे ॲथलेटिक डायरेक्टर (क्रीडा विभागाचे प्रमुख) बबा कनिंगहॅम. आता हे कुठल्या यादीतून ओळखायचं, सांगा.

टारहील_ताई: आलं का परत तेच! आमच्या कॅरोलायनाची चर्चा निघाली की अध्यक्ष खोलीबाहेर जातात, मतही देत नाहीत. नियमच आहे. आणि १२ हरलो कारण खेळलो कोणाशी ते बघा: ऑबर्न, फ्लोरिडा, अलाबामा, ड्यूक तर तीनदा. त्यातली शेवटची, आमच्या एसीसी लीगच्या स्पर्धेतली सेमीफायनल पाहिलीत? २४ नं मागे पडून एकावर आणलं, शेवटचे चार सेकंद, लुबिनचा फ्री थ्रो आत, बरोबरी! आणि बॉल सुटायच्या आधी आमचाच एकजण लेनमध्ये (बास्केटखालच्या आखलेल्या पट्ट्यात) घुसला म्हणून पॉइंट रद्द. मी सोफ्यासमोर उभीच.

रिकामा_रंगमंच: 'बाहेर जातात' म्हणे. कॉलेजात असताना आमच्या एकांकिका स्पर्धेतले एक परीक्षकही स्वतःच्या कॉलेजची पाटी लागली की उठून चहाला जायचे. उरलेले दोघे कोण? त्यांचेच शिष्य! आम्ही तीन रात्री जागून नेपथ्याचे फ्लॅट रंगवले होते, नखांतला गेरू आठवडाभर निघाला नाही. मिळालं काय, उत्तेजनार्थ.

टारहील_ताई: तुमचा करंडक हुकला त्याचा राग आमच्यावर कशाला?

नेपथ्यवाला: मीही बॅकस्टेजला आयुष्य घालवलंय. हरलेल्या प्रत्येक ग्रुपकडे असा एक चहाबाज परीक्षक असतोच. एकांकिका वेळेत संपली होती का?

रिकामा_रंगमंच: चार मिनिटं जास्त झाली. तो मुद्दा नाहीये.

नेपथ्यवाला: तोच मुद्दा आहे! वेस्ट व्हर्जिनियाचंही तेच. बिग १२ या स्वतःच्या लीगच्या स्पर्धेत तळाच्या कोलोरॅडोकडून पहिल्याच सामन्यात हरायचं आणि मग परीक्षकाच्या नावानं खडे फोडायचे.

रिकामा_रंगमंच: तुम्ही त्या परीक्षकांचे कोण लागता हो?

डेटनवारी: अहो, धागा बास्केटबॉलचा आहे! कोलोरॅडोचं मान्य. वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरनं पत्रकार परिषद घेऊन चौकशीची भाषा केली तेव्हा मलाही हसू आलं. पण अध्यक्ष बाहेर गेले तरी आतल्यांना उद्या त्यांच्याच शेजारी बसायचं असतं की नाही?

टारहील_ताई: निवड झाल्यावर डेटनच्या प्राथमिक सामन्यात सॅन डिएगो स्टेटला ९५-६८ धुतलं, ते कोणाच्या शेजारी बसून?

डेटनवारी: आणि पुढच्याच फेरीत ओल मिसनं ७१-६४ नं घरी पाठवलं. बरं बाई, एक सामना दणक्यात जिंकलात, कबूल. ओवाळू का?

रिकामा_रंगमंच: चार नाही, साडेतीन मिनिटं होती. आत्ताच दिग्दर्शकाला फोन करून विचारलं.